रक्तदाब आणि मूत्रपिंड : दीडशे वर्षांचा वाद

मूत्रपिंडाचा विकार आणि वाढलेला रक्तदाब ही दोन दुखणी एकाच रोग्याच्या अंगी वारंवार एकत्र नांदतात, ही गोष्ट आज वैद्यकीचा ओनामा गिरवणाराही जाणतो. परंतु या दोहोंत कारण कोणते आणि कार्य कोणते, मूत्रपिंड बिघडले म्हणून दाब चढतो की दाब चढला म्हणून मूत्रपिंड बिघडते, आणि एकदा चढलेला दाब औषध देऊन उतरवावा की निसर्गाची योजना समजून तसाच राहू द्यावा, या प्रश्नांवर यूरोप-अमेरिकेतील नामांकित वैद्य जवळजवळ दीडशे वर्षे आपापसांत झगडत होते. त्या वादाचा इतिहास आम्हांस येथे सांगावयाचा आहे. सांगावासा वाटण्याचे एक कारण असे की, त्यात हिंदुस्थानचा वाटा लहान नाही. तो पाटण्यापासून मुंबईपर्यंत आणि कलकत्त्यापासून मद्रासच्या खेड्यांपर्यंत पसरलेला आहे. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. डायलिसिस हा शब्द आता आमच्या ओळखीपाळखीच्या घरांतूनही ऐकू येतो, आणि त्या शब्दापाठोपाठ घरातील दागिने, गावाकडचा जमिनीचा तुकडा, मुलीच्या शिक्षणासाठी राखलेली शिल्लक एकेक करून जाताना आम्ही पाहिली आहे. त्या पायरीवर येण्याआधी काय करता येते हे शास्त्राला केव्हा उमगले, हे समजून घेण्याची उत्सुकता म्हणूनच केवळ विद्वत्तेची राहत नाही.

या कथेचा आरंभ लंडनच्या गाईज रुग्णालयात होतो. रिचर्ड ब्राइट (१७८९–१८५८) हा ब्रिस्टलचा गृहस्थ मोठा हौशी प्रवासी होता. तरुणपणी आइसलंडला जाऊन आला, हंगेरीत हिंडून त्याने १८१८ साली एक जाडजूड प्रवासवृत्त प्रसिद्ध केले, आणि त्याचा हात चित्रकलेतही चालत असे. पाहिलेले जसेच्या तसे टिपण्याची ही सवय त्याने रुग्णालयात नेली. अंगावर सूज चढलेले अनेक रोगी तेथे येत. पाय सुजत, तोंड फुगे, पोटात पाणी होई, आणि पुढे दम लागून वा झटके येऊन ते मरत. सूज हाच तेव्हा रोग समजला जाई. ब्राइटने अशा रोग्याची लघवी लोखंडी चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर धरली, तेव्हा ती अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे गोठली. लघवी अशी गोठते हे त्याच्यापूर्वी कोतुन्यो या इटालियन वैद्याने १७६४ सालीच पाहिले होते, वेल्स आणि ब्लॅकॉल या इंग्रज वैद्यांनीही पाहिले होते. ब्राइटचे वैशिष्ट्य हे की, रोगी दगावल्यावर तो शवविच्छेदनाच्या मेजापाशी गेला आणि त्याने मूत्रपिंडे उघडून पाहिली. ती खरबरीत, आकसलेली, दाणेदार झालेली होती. सूज, गोठणारी लघवी आणि बिघडलेली मूत्रपिंडे हे त्रिकूट १८२७ साली त्याने आपल्या ग्रंथात मांडले, आणि पुढली शंभर वर्षे हा विकार ‘ब्राइटचा रोग’ याच नावाने ओळखला गेला.

१८३६ साली त्याने अशा शंभर रोग्यांची हकीकत एकत्र प्रसिद्ध केली. तीत आणखी एक निरीक्षण होते. पुष्कळांच्या हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला होता, आणि तसे व्हावे असा कोणताही दोष हृदयाच्या झडपांत नव्हता. ब्राइटने तर्क केला की, बिघडलेले रक्त एक तर हृदयाला वाजवीपेक्षा अधिक चेतवीत असावे, अथवा दूरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत असा काही अडथळा उत्पन्न करीत असावे की त्यातून रक्त पुढे ढकलण्यासाठी हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. रक्तदाब हा शब्द त्याने वापरला नाही. वापरणार कसा? जिवंत माणसाचा दाब मोजण्याचे साधनच त्याच्यापाशी नव्हते. स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी खुपसून रक्त आठ फुटांहून वर चढते हे १७३३ साली जगाला दाखविले होते खरे; पण तो प्रयोग कोणी रोग्यावर करू धजले नसते. १८४२ साली गाईज रुग्णालयाने दोन कक्ष, बेचाळीस खाटा आणि एक छोटी प्रयोगशाळा काही महिने केवळ मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी ब्राइटच्या हाती सोपविली. एकाच रोगाचा अभ्यास करण्यासाठी असा स्वतंत्र विभाग ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. उपचार मात्र जुनेच होते : शिर तोडून रक्त काढणे, जुलाब देणे, ऊन पाण्याच्या अंघोळी आणि दुधाचा आहार. रोगाचे निदान इतके अचूक आणि उपाय इतका दुबळा, ही विसंगती ब्राइटला जन्मभर बोचत असली पाहिजे.

ब्राइटच्या मृत्यूनंतर सुमारे पंधरा वर्षांनी त्याच गाईज रुग्णालयात एका तरुणाने हे कोडे उलटे करून पाहिले. त्याचे नाव फ्रेडरिक अकबर महोमेद. नावावरून वाचकांस नवल वाटेल, आणि ते रास्तच आहे. त्याचे आजोबा शेख दीन महोमेद हे १७५९ साली पाटण्यास जन्मले, कंपनी सरकारच्या फौजेत वाढले, आयर्लंडात जाऊन तेथील स्त्रीशी विवाह करून राहिले, १७९४ साली इंग्रजीत आपले प्रवासवृत्त छापून मोकळे झाले, १८१० साली त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाची खाणावळ काढली, आणि ती बुडाल्यावर ब्रायटनच्या समुद्रकाठी चंपी-मालिशीची स्नानगृहे चालवून राजेरजवाड्यांचे अंग रगडले. ‘शॅम्पू’ हा शब्द इंग्रजी समाजात रुळविण्यात या बिहारी माणसाचा मोठा हात होता. अशा आजोबांचा हा नातू १८४९ साली ब्रायटनला जन्मला.

फ्रेडरिकने विद्यार्थिदशेतच नाडीचे स्पंदन कागदावर उमटविणाऱ्या यंत्रात सुधारणा केली. मनगटावर यंत्र बांधून किती वजन टाकले म्हणजे नाडी दबते याचा अदमास त्याने घेतला. आकडा नव्हे, पण दाबाचा अंदाज तरी आता हाती येऊ लागला. मग लोहितज्वराच्या रोग्यांची नाडी तो दिवसामागून दिवस पाहत राहिला, कारण या तापानंतर मूत्रपिंडे बिघडण्याचे भय असे. त्याला आढळले की, लघवीत प्रथिन उतरण्याच्या आधीच नाडीचा ताण वाढलेला असतो. १८७४ साली त्याने हे प्रसिद्ध केले. पुढील पाच वर्षांत तो याहूनही पुढे गेला : ज्यांची लघवी अगदी स्वच्छ आहे, ज्यांना मूत्रपिंडाचा विकार असल्याचे कोणतेही लक्षण नाही, अशा चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसांतही नाडी कठीण असलेले लोक पुष्कळ आहेत, आणि कालांतराने त्यांच्यापैकी कित्येकांची हृदये, मेंदू अथवा मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणजे दाब हा नेहमीच मूत्रपिंडाच्या रोगाचा परिणाम नव्हे. तो आधी येऊन मूत्रपिंडाला खाऊ शकतो. ज्याला पुढे शास्त्राने कारणावाचूनचा अथवा प्राथमिक अतिरक्तदाब म्हटले, त्याचे हे पहिले स्पष्ट वर्णन. १८८४ साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, महोमेद विषमज्वराने वारला. त्याचे नाव मग अनेक दशके विस्मरणात गेले. ज्याच्या पाठीमागे शिष्यपरंपरा नाही त्याच्या शोधाचे असेच व्हावयाचे. ब्राइटच्या नावाने रोग राहिला, महोमेदच्या नावाने काहीच राहिले नाही.

दाबाला आकडा मिळाला तो १८९६ साली. तुरीनच्या रिवा-रोची या वैद्याने सायकलच्या ट्यूबसारखी रबरी पट्टी दंडाला गुंडाळून ती हवेने फुगविली आणि पाऱ्याच्या नळीवर दाब वाचला. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोत्कोव्ह याने त्या पट्टीखाली, कोपराच्या खोबणीत, श्रवणनळी लावून ऐकण्याची युक्ती सुचविली. त्याचे ते टिपण इतके लहान होते की छापील पानाचा थोडासाच भाग त्याने व्यापला. आज आमच्या प्रत्येक दवाखान्यात दंडाला पट्टी बांधून ‘वरचा’ आणि ‘खालचा’ असे जे दोन आकडे सांगितले जातात, ते या दोघांचे देणे होय.

आकडा मिळाल्याने वाद मिटेल अशी अपेक्षा कोणी केली असती, झाले उलटेच. दाब चढलेले लोक आता हजारांनी सापडू लागले, आणि त्यांच्याविषयी वैद्यांत एक विलक्षण समजूत रूढ झाली. ती अशी की, रक्तवाहिन्या आकसल्या आहेत, मूत्रपिंडाला रक्त पोहोचत नाही, म्हणून निसर्गाने दाब वाढवून ती उणीव भरून काढली आहे. हा दाब उतरविला तर मूत्रपिंड उपाशी मरेल. तेव्हा त्यास हात लावू नये. १९३१ साली लिव्हरपूलच्या जॉन हे यांनी तर असे म्हटले की, दाब वाढलेल्या माणसाला खरा धोका तो दाब सापडण्यात आहे, कारण मग कोणी ना कोणी मूर्ख तो कमी करावयास निघतोच. त्याच वर्षी बॉस्टनचे पॉल ड्यूडली व्हाइट यांनीही, हा दाब शरीराची आवश्यक अशी भरपाई असू शकेल, तिच्याशी खेळू नये, असाच सल्ला दिला. हे कोणी ऐरेगैरे नव्हते. हृदयरोगाच्या शास्त्राचे ते अध्वर्यू होते. आम्हांस या मताचा राग येत नाही. त्या वेळी दाब उतरविण्याचे जे उपाय होते तेच मुळी रोगापेक्षा भयंकर होते : पाठीतील मज्जातंतू शस्त्राने तोडणे, मुद्दाम ताप आणणारी द्रव्ये टोचणे, विषारी क्षार पाजणे. अशा उपायांकडे पाहून शहाण्या वैद्याने हात आखडता घ्यावा यात आश्चर्य नव्हते. परंतु उपाय वाईट आहेत, यावरून रोग निरुपद्रवी आहे, असा निष्कर्ष निघत नाही, आणि तोच नेमका काढला गेला.

या निष्कर्षाची किंमत कोणी दिली हे पाहावयाचे तर एकच उदाहरण पुरे आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या दिमतीला जगातील कोणताही वैद्य बोलावता आला असता. मार्च १९४४ मध्ये डॉ. ब्रुएन यांनी त्यांना तपासले तेव्हा दाब १८६/१०८ होता आणि हृदय थकलेले होते. डिजिटॅलिस, झोप आणणारे फिनोबार्बिटॉल, मीठ कमी, विश्रांती. याहून अधिक काही देण्यासारखे त्या वेळच्या वैद्यकापाशी नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांच्या डोक्यात असह्य कळ आली. तेव्हा मोजलेला दाब ३००/१९० होता. काही तासांत ते गेले. वय त्रेसष्ट.

इकडे प्रयोगशाळांतून मात्र मूत्रपिंडाचा गुन्हा हळूहळू शाबीत होत होता. स्टॉकहोमच्या टायगरस्टेट आणि बर्गमान यांनी १८९८ साली सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचून त्याचा दाब चढविला होता आणि त्या द्रव्याला रेनिन नाव दिले होते. कोणी लक्ष दिले नाही. १९३४ साली क्लीव्हलंडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीवर चांदीचा चिमटा बसवून ती थोडीशी आवळली, आणि दाब चढला तो चढलेलाच राहिला. रक्त कमी मिळालेले मूत्रपिंड आपल्याला पाणी पोहोचत नाही म्हणून साऱ्या शरीराचा नळ जोराने सोडावयास लावते, असा हा प्रकार. त्यानंतर पाच-सहा वर्षांत अमेरिकेतील अर्व्हाइन पेज आणि अर्जेंटिनातील ब्राउन-मेनेंदेस यांच्या मंडळींनी एकमेकांपासून हजारो मैलांवर एकच द्रव्य शोधून काढले. रेनिन स्वतः दाब वाढवीत नाही, ते रक्तात हे दुसरे द्रव्य घडविते आणि ते रक्तवाहिन्या आवळते. दोघांनी दोन नावे दिली. शेवटी १९५८ साली दोन्ही नावांचे अर्धे-अर्धे घेऊन ‘अँजिओटेन्सिन’ असे जोडनाव ठरले. शास्त्रातील भांडणे इतक्या समजूतदारपणे क्वचितच मिटतात.

उपचाराच्या बाजूने पहिला ठोस पुरावा कोठून आला? भाताच्या वाटीतून. वॉल्टर केम्प्नर हा बर्लिनचा तरुण वैद्य हिटलरच्या राजवटीतून निसटून १९३४ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात आला. मूत्रपिंडाचे काम हलके करावयाचे तर प्रथिन आणि मीठ कमी केले पाहिजे, या विचाराने त्याने १९३९ च्या सुमारास रोग्यांना केवळ भात, फळे, फळांचा रस आणि साखर यांवर ठेवण्यास सुरुवात केली. दिवसाला प्रथिन वीसएक ग्रॅम, आणि मीठ जवळजवळ नाहीच. असे सांगतात की, एका बाईला त्याने हा आहार दोन आठवडे घ्यावयास सांगितला होता. त्याचा जर्मन उच्चार तिला नीट कळला नाही आणि ती दोन महिन्यांनी परतली. या अवधीत तिचा दाब उतरला होता आणि डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तस्राव नाहीसा झाला होता. १९४४ पासून केम्प्नरने आपल्या रोग्यांची क्ष-किरण छायाचित्रे सभांतून दाखविली : फुगलेली हृदये पुन्हा आकसलेली. काहींनी त्याच्यावर खोटेपणाचा आरोपही केला. आहार इतका बेचव होता की फार थोडे लोक तो सोसू शकत. आमच्याकडील एखाद्या कोकणी माणसास भाताचे एवढे भय वाटले नसते. पण मिठावाचून, माशावाचून आणि लोणच्यावाचून तोच भात महिनोन् महिने खावयास सांगितला असता तर तोही पळाला असता! ते काही असो. दाब उतरला तरी मूत्रपिंड उपाशी मरत नाही, उलट रोगी सुधारतो, ही गोष्ट भाताने सिद्ध केली.

आणि मग येते सर्पगंधा. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या जंगलांपर्यंत उगवणारे हे लहानसे झुडूप. कोणी त्याला छोटा चांद म्हणत, बिहारात त्याच्या मुळीला ‘पागल की दवा’ म्हणत. सापाच्या विषावर, वेडावर, झोप न येणाऱ्यावर ती मुळी देण्याची वहिवाट जुनी होती. १९३१ साली कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बसू यांनी ती वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावरही गुणकारी असल्याचे छापून प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञाने मुळीतील क्षारद्रव्ये वेगळी काढून त्यांतल्या एकास हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. देशात गोळ्या खपू लागल्या. परदेशात कोणी ढुंकून पाहिले नाही. ते काम मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केले. किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयातील हे पारशी हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी पन्नास रोग्यांवर सर्पगंधेचा पद्धतशीर प्रयोग करून त्याचा वृत्तांत १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. तो वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी गोळ्या मागविल्या. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील रसायनज्ञांनी मुळीतील मुख्य द्रव्य, रेसर्पीन, शुद्ध स्वरूपात काढले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

सर्पगंधेचा अभिमान बाळगताना तिचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण स्वदेशी औषधाविषयी लिहिताना आमच्यातील अनेकांची लेखणी सैल सुटते. मोठ्या मात्रेत रेसर्पीन काही रोग्यांना खोल खिन्नतेत लोटते, नाक चोंदते, सुस्ती येते. पुढे तिचा वापर जवळजवळ थांबला तो या दोषांमुळे, आणि थोडासा नव्या महाग औषधांच्या जाहिरातींमुळेही. परंतु वैद्याच्या हाती सहज देता येईल, रोजच्या रोज घेता येईल आणि दाब उतरवील असे पहिले सुसह्य औषध जगाला मिळाले ते याच मुळीतून. १९५८ च्या सुमारास मीठ लघवीवाटे घालविणारी थायझाइड वर्गाची औषधे आली, आणि केम्प्नरच्या आहाराचे निम्मे काम गोळी करू लागली.

तरीही जुनी शंका जिवंत होती : आकडा उतरतो हे खरे, पण माणूस वाचतो काय? याचे निर्णायक उत्तर १९६७ साली डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून दिले. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी. औषधे तीन होती : हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलझीन आणि आमच्या सर्पगंधेतील रेसर्पीन. पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी सत्तावीस जणांवर अर्धांग, हृदय थकणे, मूत्रपिंड बिघडणे यांसारखी भयंकर संकटे ओढवली व चौघे मेले. औषध घेणाऱ्यांत अशी संकटे केवळ दोन, आणि मृत्यू एकही नाही. ‘भरपाई’चा सिद्धांत तेथे संपला. ब्राइटच्या शंभर रोग्यांपासून या निकालापर्यंत एकशे एकतीस वर्षे गेली होती.

डायलिसिसचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. हॉलंडवर जर्मनांचा कब्जा असताना १९४३ साली विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या सेलोफेन नळीतून रोग्याचे रक्त खेळवून कृत्रिम मूत्रपिंड तयार केले, आणि १९६० साली सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रोग्याच्या हातात टेफ्लॉनची कायमची नळी बसवून ते पुनःपुन्हा वापरण्याची सोय केली, एवढे येथे पुरे. आमच्या विषयाशी त्याचा संबंध असा की, स्क्रिब्नर यांचा पहिला रोगी क्लाइड शील्ड्स याचा दाब कोणत्याही औषधाला दाद देत नव्हता. तेव्हा त्याचे मीठ तोडून यंत्राने शरीरातील साचलेले पाणी थोडे थोडे अधिक काढण्यात आले, आणि दाब उतरला. मूत्रपिंडे थकलेल्या माणसाचा दाब पुष्कळदा पाणी आणि मीठ साचल्याने चढतो, हे त्यावरून कळले. आजही डायलिसिसवरील रोग्यास दोन पाळ्यांमध्ये वजन किती वाढले हे पहिल्याने विचारतात ते यासाठीच. शील्ड्स अकरा वर्षे जगला.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा : मूत्रपिंड बिघडण्यास एकदा सुरुवात झाल्यावर दाब उतरवून ती घसरण थांबविता येते काय? डेन्मार्कमधील कार्ल एरिक मोगेन्सेन यांनी मधुमेहाच्या अगदी थोड्या रोग्यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून १९७६ साली दाखविले की, दाब काबूत ठेवला तर मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो. तो का मंदावतो याची उकल बॉस्टनच्या बॅरी ब्रेनर यांनी केली. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतल्या काही मेल्या की उरलेल्यांवर अधिक काम पडते, त्यांच्यातील दाब वाढतो, आणि त्या जादा दाबाने त्याही मरू लागतात. एखाद्या कचेरीतून निम्मे कारकून काढून टाकावेत आणि सगळे टपाल उरलेल्यांच्या मेजावर लोटावे, तसा हा प्रकार आहे. मूळ रोग बरा झाला तरी हे चक्र आपल्या गतीने फिरतच राहते.

त्या चक्राला खीळ घालणारे औषध आले सापाच्या विषातून. ब्राझीलमधील जाराराका या सापाने दंश केला की माणसाचा दाब एकाएकी कोसळतो. सेर्जियो फेरेरा यांनी १९६५ साली त्या विषातील एक घटक वेगळा काढला. तो घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. आणि त्या धाग्यावरून अमेरिकेतील कुशमन व ऑन्डेटी यांनी १९७७ साली कॅप्टोप्रिल घडविले. हे औषध अँजिओटेन्सिन तयार होऊ देत नाही. म्हणजे टायगरस्टेटच्या सशापासून निघालेला धागा येथे येऊन पोहोचला. १९९३ साली डॉ. एडमंड लुइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या ४०९ रोग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांत मृत्यू, डायलिसिस वा मूत्रपिंडरोपण यांपैकी काही ओढवण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. सापावरचे औषध म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुळीने या चिकित्सेचा आरंभ व्हावा आणि सापाच्याच विषाने तिला पुढली पायरी गाठून द्यावी, हा योगायोग एखाद्या पुराणिकाने रचला असता तर आम्ही त्याला हसलो असतो.

या वर्गातील औषधांविषयी एक गोष्ट येथे सांगणे अवश्य आहे, कारण तिच्या अज्ञानाने रोग्यांचे नुकसान होते. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील क्रिएटिनीनचा आकडा थोडा वर जातो, कधी पोटॅशियमही वाढते. म्हणून रक्त पुन्हा तपासावेच लागते. आकडा फार चढला तर वैद्य औषध बदलतात. पण थोडा चढणे हे गाळण्यांवरील ताण कमी झाल्याचेच चिन्ह असते. ते पाहून घाबरून स्वतःच्या मनाने औषध सोडणारे, आणि गुडघे दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन् महिने खाणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक आमच्या आसपास विपुल आहेत.

वाद आता अगदीच संपला आहे असे नव्हे. दाब उतरवावा की नाही, हा प्रश्न गेला. किती उतरवावा, हा उरला. वरचा आकडा १३० च्या खाली असावा असे बरेच वैद्य मानतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानंतर १२० चाही आग्रह धरला जाऊ लागला, आणि वृद्धांना त्याने घेरी येईल म्हणून तो न धरणारेही आहेत. शिवाय मूत्रपिंडाचे सगळेच रोग दाबाच्या वाटेने येत नाहीत. आंध्रातील श्रीकाकुळम जिल्ह्यात उद्दानम नावाचा जो नारळी-काजूचा भाग आहे, तेथे शेतमजुरांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि त्याचे कारण संशोधकांना अजून निश्चित सापडलेले नाही.

आमच्या देशात या रोगाने लोकांचे लक्ष प्रथम वेधले ते जयप्रकाश नारायण यांच्या आजारात. आणीबाणीतील स्थानबद्धतेनंतर १९७५ च्या नोव्हेंबरात त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. १९७९ च्या ८ ऑक्टोबरला पाटण्यास देह ठेवीपर्यंत ते डायलिसिसवर जगले, आणि त्यांच्यासाठी यंत्र घेण्यास देशभरच्या लोकांनी वर्गणी दिली. लोकनायकासाठी वर्गणी जमते. वर्षाला लक्षावधी रोग्यांसाठी ती जमणार कोठून? १९७१ साली वेल्लोरला देशातील पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण झाले. १९९४ साली अवयवांच्या बाजाराला आळा घालणारा कायदा झाला. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतून गरिबांस मोफत डायलिसिस देण्याची केंद्र सरकारची योजना सुरू झाली. ही सर्व पावले योग्यच आहेत. तरी आठवड्यातून दोन-तीनदा कामधंदा सोडून बसने जिल्ह्याच्या गावी जाणे, दिवस घालविणे आणि परत येणे, हे मोफत नसते.

जसलोकमध्ये जयप्रकाशजींवर उपचार करणारे मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी पुढे मद्रासला गेले. यंत्रावर आलेल्या रोग्यांपैकी बहुतेकांना तो खर्च पेलवत नाही हे पाहून त्यांनी किडनी हेल्प ट्रस्टच्या वतीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईजवळच्या खेड्यांत, सुमारे पंचवीस हजार वस्तीत, एक निराळाच उपक्रम सुरू केला. थोडे शिक्षण देऊन तयार केलेल्या गावच्याच कार्यकर्त्या घरोघर जात, प्रत्येकाचा दाब मोजत, आणि लघवीच्या नमुन्यात स्वस्त रसायन टाकून प्रथिन व साखर आहे काय हे पाहत. दोष आढळला तर डॉक्टर तपासून औषध देत, आणि पुढे नियमित फेरी होई. औषधे निवडली ती बाजारात मिळणारी सर्वांत स्वस्त : मधुमेहासाठी ग्लायबेनक्लामाइड व मेटफॉर्मिन, आणि दाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलझीन व रेसर्पीन. फ्रीस यांची तीच तीन औषधे. शहरांतील दवाखान्यांनी केव्हाच टाकून दिलेली ती मुळी येथे लहान मात्रेत पुन्हा कामाला लागली, आणि माणशी वार्षिक खर्च काही थोड्या रुपयांत बसला. दाब वाढलेल्या बहुतेक सर्वांचा दाब या गोळ्यांनी काबूत आल्याचे मणी यांनी आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतून प्रसिद्ध केले. गोठणाऱ्या लघवीसाठी ब्राइटला मेणबत्ती आणि चमचा लागला होता. या कार्यकर्त्यांच्या पिशवीत काचेच्या नळ्या, रसायनाची बाटली आणि दंडाला बांधावयाची पट्टी असे.